थोरलीची जुनी सही

धाकट्या जावेला रुग्णालयाच्या नोंदी विभागात चिकटवलं ते थोरलीनंच, आणि तीन महिन्यांत आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतल्याचं तिला पटलं. बावीस वर्षं ती डॉक्टरांचं गिचमिड अक्षर लावून प्रत्येक आजाराला ठरलेला कोड देत आली होती. अडलं की सगळे तिच्या टेबलाशी यायचे. आता हाडांचे डॉक्टर दारातूनच विचारत, धाकट्या बाई कुठं आहेत?

एकदा सत्तरीच्या एका बाईंची फाइल आली. खुर्चीतून उठताना त्या घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं, एवढंच डॉक्टरांनी लिहिलेलं. धाकटीनं ती परत पाठवली. पाय डावा की उजवा, हाड खुब्यापाशी मोडलं की मधे, आणि इतक्याशा पडण्यानं मोडलं म्हणजे ते आधीच ठिसूळ होतं का?

मोडलं ते मोडलं, त्यात कसलं शहाणपण, असं थोरली शिपायाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं पुटपुटली. पण दुपारी डॉक्टर स्वतः उत्तर घेऊन आले. उजवा पाय, खुब्यापाशी, हाडं ठिसूळ. बरं झालं विचारलंत, म्हणाले. तसा कोड पडला की नाव ठिसूळ हाडांच्या यादीत जातं आणि हाडांच्या उपचाराला बोलावणं जातं. नाहीतर माणूस नुसता पडला म्हणून घरी जातो.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी सासूबाई धाकटीचेच गोडवे गायच्या, आता इथंही तेच.

जेवणाच्या सुट्टीत तिनं धाकटीच्या फायली उपसल्या. चाळीस पाहिल्या, एक चूक सापडेना. मग त्याच बाईंची जुनी फाइल काढली. धाकटीनं ती बघितली नसेल तर तेवढीच चूक धरता येईल. दोन वर्षांपूर्वीही त्या घरातल्या घरात पडून मांडी मोडून आल्या होत्या. एक्स-रेत पाय डावा. कोडात बाजूच नव्हती, ठिसूळपणाचं कोणी विचारलेलं नव्हतं. खाली सही थोरलीची.

फाइल परत कपाटात गेली असती तर कोणाला कळलं नसतं.  पण धाकटी परतली तेव्हा थोरलीनं ती तिच्यापुढं सरकवली.

"हे माझं आहे. वाच."

धाकटीनं वाचलं. "ताई, डॉक्टरांना पुरवणी नोंद लिहायला सांगू या. प्रश्न तुम्हीच पाठवा, तुमच्या सहीनं."

ना टोमणा, ना दया. थोरलीला तेच जास्त झोंबलं. टोमणा मारला असता तर निदान भांडता आलं असतं. तिनं प्रश्न लिहिला, सही केली, आणि दुसऱ्या दिवसापासून मांडीच्या हाडाची प्रत्येक फाइल धाकटीच्या आधी आपल्या टेबलावर ओढून घेऊ लागली.