मागच्या सीटवर हवा पोचते का

"पुढं बसून कुणालाबी गार लागतं, गुरुजी. मागं बसून बघा," असं म्हणून तो गाडीचं मागचं दार उघडायचा आणि स्वतःच आत जाऊन बसायचा. काचा बंद, डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर उपडे. मोटारीचा एसी दुरुस्त करणारे तुम्हीही पाहिले असतील. पुढच्या जाळीपाशी हात धरतात आणि झालं म्हणून सांगतात. हा मात्र मागं बसून अंगावरचा घाम वाळायची वाट पाहायचा.

जुन्या जालन्यात, धान्याच्या आडतींमागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. सगळे त्याला नुसतं मिस्त्री म्हणत. भर उन्हाळ्यातही शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. दुसऱ्यांना गारवा देणाऱ्या या माणसाच्या दुकानात साधा पंखा नव्हता. मी एकदा चेष्टेनं विचारलं, तर म्हणाला, "पंख्यानं साबणाचा फेस उडतो. मंग गळती कशी घावायची?" गॅस कुठून गळतोय हे तो पाइपांना फेस लावून शोधायचा, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्यासोबत उकडून घ्यावं लागे.

मी मंठ्याला शाळेत शिकवतो. आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा डायलिसिसवर होते. आठवड्यातून दोनदा त्यांना जालन्याच्या दवाखान्यात न्यायचो, आणि परतीचा प्रवास नेमका दुपारच्या उन्हात व्हायचा. गाडी जुनी, मी तिचा चौथा मालक. दोन वेगवेगळ्या गॅरेजांत एसीचा गॅस भरून घेतला, पण आठ-दहा दिवसांत पुन्हा गरम वारा सुरू. मे महिन्यात एकदा येताना आबांना इतकी घेरी आली, की गाडी बाभळीखाली थांबवून मी त्यांच्या डोक्यावर ओला टॉवेल धरून बसलो. घरी आल्यावर ते म्हणाले, "आता बास. मला न्हाई जायचं तिकडं." न गेल्यानं काय होणार, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मिस्त्रीच्या दारात उभा.

"गॅस भरून द्या, जल्दी. परवा दवाखान्यात जायचंय."

"गॅस भरत न्हाई."

"म्हणजे?"

"आधी तो कुठून निघून जाऊन राह्यला ते बघतो. मंग भरतो."

त्यानं पंप लावून पाइपांतली सगळी हवा ओढून घेतली, पंप बंद केला आणि घड्याळासारख्या गेजचा काटा बघत बसला. मला म्हणाला, "अर्धा तास बोलू नका." मास्तराला एवढी मोठी शिक्षा दुसरी नसेल. अर्ध्या तासानं काटा होता तिथंच आहे असं मला दिसलं. त्याला दिसलं की केसभर हलला, म्हणजे कुठंतरी गळती होतीच.

माझं डोकं फिरलं. "अहो, इतकं बारीक कुठं बघायचं असतं? चार फेऱ्या झाल्या तरी पुरे!"

त्यानं मान वर केली. "मागं कोण बसतं?"

मी सगळं सांगितलं. बाभळीखालचा टॉवेलही सांगितला. मिस्त्रीनं फडक्याला हात पुसले आणि तो डॅशबोर्डचे स्क्रू काढायला लागला. पाइपांत दाबानं हवा भरून संध्याकाळपर्यंत ब्रशनं फेस लावत एकेक सांधा पाहिला. गळती निघाली पार आत, कूलिंग कॉइलला. दुसरी कॉइल त्यानं संभाजीनगरहून बसनं मागवली, बसवली, गॅस भरला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन उन्हात, गाडी सुरू करून मागं जाऊन बसला.

बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, "गुरुजी, मागं गार न्हाई लागत."

मी पुढं बसलो होतो. "काय सांगता! इथं तर बर्फासारखी हवा येतेय!"

"तुम्हाला येऊन राह्यली."

तो पुढं वाकला आणि त्यानं बोटानं नुसतं दाखवलं. चारही जाळ्यांची तोंडं माझ्याकडं वळलेली होती. बाजूची सीट बहुतेक रिकामी, म्हणून तिथली जाळीसुद्धा मीच माझ्याकडं ओढून ठेवली होती.

"पहिल्यापासून असंच?"

पहिल्यापासूनच. गॅस भरलेला असायचा त्या दिवसांतही मागं आबा उकडत होते. ते कधी बोलले नाहीत आणि मी कधी विचारलं नाही. मला स्वतःची लाज वाटली. मिस्त्रीनं उपदेश केला नाही. मधल्या दोन जाळ्या वर करून हवा सरळ मागं सोडली आणि म्हणाला, "आता तुम्हाला जरा घाम येईल. येऊ द्या."

दवाखान्याच्या दिवशी आबा यायला तयार नव्हते. एकदा बसून तर बघा म्हणून कसंबसं नेलं. परत येताना अर्ध्या रस्त्यात आरशात पाहिलं, तर आबा तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले. घरी उतरताना त्यांनी एवढंच विचारलं, "परत कवा जायचं?"

त्यानंतर आबांनी दोन उन्हाळे काढले.

ते गेल्यावरही होळीनंतर मी सवयीनं गाडी मिस्त्रीकडं नेली. तो सवयीनं मागं बसला. "आबा कसे हायेत?" मी सांगितलं. तो उतरला नाही. हात मांडीवर उपडे ठेवून कितीतरी वेळ तसाच बसून राहिला. मग हळूच म्हणाला, "पोचून राह्यली हवा. बराबर पोचून राह्यली." आबा गेल्यापासून मी रडलो नव्हतो. त्या गल्लीत, गाडीच्या दाराला धरून रडलो.

यंदा होळीनंतर गेलो, तर शटर बंद. समोरचे आडतवाले म्हणाले, "मिस्त्री गेले की हिवाळ्यात. छातीचं दुखणं झाल्तं."

मी गाडीपाशी आलो. इंजिन चालू केलं, एसी लावला, आणि उतरून मागं जाऊन बसलो. इतक्या वर्षांत माझ्याच गाडीत मी मागं कधी बसलो नव्हतो. काचा बंद केल्या, डोळे मिटले, हात मांडीवर उपडे ठेवले. थोड्या वेळानं मनगटांवरचा घाम वाळला.

"पोचतेय, मिस्त्री," मी मोठ्यानं म्हणालो.