थंड भट्टीविरुद्धचा ठराव

वीजकेंद्राच्या कँटीनमध्ये एक पद्धत होती. युनियनच्या सभेत मतदान हात वर करून व्हायचं, आणि कँटीनच्या बायका कुठल्याही ठरावावर आधी त्यांच्यातल्या काकूंकडे बघायच्या. काकूंचा हात वर गेला की मागच्या दोन्ही बाकांवरचे हात वर. काकू मांडीवर हात ठेवून बसल्या की बाकीच्याही तशाच. त्यामागचं कारण साधं होतं. बायका भांडी घासून थेट सभेला यायच्या, अर्धी सभा पेंगण्यात जायची, आणि एकीने नीट ऐकलं म्हणजे पुरे, असं केव्हातरी ठरून गेलं होतं. बॉयलरवाले चिडवायचे, "काकूंच्या डोक्याला खाज सुटली तरी ठराव पास होईल."

"म्हणून तर मी सभेत खाजवत नाही," काकू म्हणायच्या.

काकूंचे यजमान समोरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. सगळं गाव त्यांना सर म्हणे, काकूसुद्धा. निवृत्तीनंतर कॉलेजने त्यांना सायकल स्टँडमागची एक खोली वापरायला दिली होती. खोलीत एक टेबल, वर काचेचं भांडं, भांड्यात जड पाणी नावाचं विकत आणलेलं पाणी, पाण्यात पॅलॅडियम धातूची तार आणि तारेतून सतत सोडलेली वीज. सूर्याच्या पोटात भयंकर उष्णतेत अणूंची केंद्रकं एकमेकांत मिसळतात, तेच या भांड्यात खोलीच्या साध्या तापमानाला घडेल आणि घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर पडेल, असा सरांचा विश्वास होता. सर विश्वास म्हणत नसत, गृहीतक म्हणत. पूर्वी दोन शास्त्रज्ञांनी हे जमल्याचं जाहीर केलं होतं. पुष्कळांनी करून पाहिलं, बहुतेकांना जमलं नाही, आणि तेव्हापासून हा विषय काढणाऱ्याकडे शास्त्रज्ञ मंडळी लग्नात दारू पिऊन आलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी बघू लागली. कॉलेजातल्या विभागप्रमुख बाई तर जिन्यात सर दिसले की लगेच घड्याळ बघायच्या.

कामगार त्या खोलीला थंड भट्टी म्हणत. कितीतरी वर्षं हा नुसता विनोद होता.

मग वीजकेंद्राचे दोन जुने संच बंद होणार अशी कुणकुण लागली. त्याच सुमारास गावच्या वर्तमानपत्रात सरांचा फोटो आला आणि वर मथळा: 'उद्याची वीज बरणीतून?' प्रश्नचिन्ह कुणी वाचलं नाही. आमदारांनी चौकातल्या भाषणात विचारलं, "आमच्याच विजेवर आमच्या पोटावर पाय देणारं यंत्र चालवायचं, हे कुठलं शास्त्र?" टाळ्या पडल्या. कॉलेज वीजकेंद्राच्या देणगीवर चालत होतं. प्राचार्यांनी कळवून टाकलं की युनियन जे ठरवेल ते आम्हाला मान्य राहील.

युनियनचे सेक्रेटरी सरांचेच विद्यार्थी. सभेच्या आदल्या दिवशी ते कँटीनमध्ये आले, पातेल्यांच्या मधून वाट काढत काकूंपाशी पोचले आणि बटाटे सोलणाऱ्या बायकांकडे पाठ करून उभे राहिले.

"काकू, सरांची खोली बंद करायचा उद्याचा ठराव कळला असेल तुम्हाला."

"कळला."

"व्यक्तिशः काही नाही हं. सरांनी मला दोनदा शिकवलंय."

"दोनदा का?"

"एकदा नापास केलं होतं ना, म्हणून." सेक्रेटरी हसले. मग आवाज खाली आला. "फिटर लोक आपापसांत फुटलेत. काही म्हणतात, म्हाताऱ्याला कशाला त्रास. कँटीनचे हात आले तर ठराव होतो, नाही आले तर पडतो. तुम्हाला अवघड आहे हे मला समजतं. नका येऊ सभेला. बायकांना तेवढं सांगून ठेवा."

"मी आले नाही तर त्या बघणार कुणाकडे?" काकू म्हणाल्या. "चहा घेऊन जा."

घरी सर आरशासमोर मिशी कातरत होते. कित्येक महिन्यांत त्यांनी एवढं मनावर घेऊन काही कातरलं नव्हतं.

"घाबरलेत," ते म्हणाले. "युनियन, आमदार, सगळे. माणूस कशाला घाबरतो? जे खरं आहे त्याला."

"घरात घूस शिरली तरी माणूस घाबरतो."

"घूस खरीच असते," सर खुशीत म्हणाले. "उद्या मीही येणार सभेला. दाराशी बसेन."

"आणि खोली गेली तर?"

"जाऊ दे. इतिहासात किती जणांच्या प्रयोगशाळा बंद पाडल्यात, माहीत आहे?"

काकूंना इतिहास माहीत नव्हता. निवृत्तीनंतर खोली मिळेपर्यंतचे महिने मात्र पक्के माहीत होते. सर खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे ते दिवे लागेपर्यंत. दाढी वाढली, जेवण निम्म्यावर आलं, कुणी आलं तर आतल्या खोलीत जाऊन पडायचे. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, गोळ्या तुमच्यापाशी ठेवा, त्यांच्या हाती देऊ नका. मग कॉलेजने खोली दिली आणि पंधरवड्यात माणूस माणसात आला. खोली गेली तर ती खुर्ची पुन्हा खिडकीपाशी येणार, हे काकूंना समोर दिसत होतं.

भांडं तापत नाही, हेही त्यांना माहीत होतं. दुपारची पंगत उरकली की त्या डबा घेऊन खोलीवर जायच्या. सरांची पाठ वळली की भांड्याला हात लावून बघायच्या. कोमट असायचं, बाहेर काढून ठेवलेल्या चहाइतकं. त्यांनी कधी विचारलं नाही, आणि सर न विचारताच म्हणायचे, "आता अगदी जवळ आलोय."

सभा गोदामात भरली. सेक्रेटरी झकास बोलले. बंद होणारे संच, शिकणारी मुलं, आणि शेवटी सायकल स्टँडमागची ती खोली. टर्बाइनवरचा एक म्हातारा उठून म्हणाला, "ते सगळं ठीक. पण ते तापतं का?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. सर उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही.

"अंतिम निष्कर्ष काढणं आज घाईचं होईल..."

"हो की नाही, एवढंच सांगा सर!"

"काही चिन्हं आहेत," सर म्हणाले.

"ऐकलंत?" सेक्रेटरींनी टेबलावर थाप मारली. "चिन्हं आहेत!"

सरांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते काकूंनी लग्नाच्या फोटोतही पाहिलं नव्हतं. इतक्या माणसांनी त्यांचं म्हणणं एकदम खरं मानण्याची ही पहिलीच वेळ होती.

"ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

पुढच्या बाकांवरचे हात वर गेले, मधले काही गेले, काही राहिले. मागे बायका काकूंकडे बघत होत्या. शेजारी बसलेल्या, कँटीनमधल्या सगळ्यात धाकटीने अर्धा उचललेला हात कानाशी थांबवून ठेवला होता.

हात वर केला तर सर मोठे होणार होते आणि खोली जाणार होती. नुसतं बसून राहिलं असतं तरी ठराव पडला असता. पण पुढच्या महिन्यात तोच ठराव पुन्हा आला असता, कारण भीती जागच्या जागीच होती. काकू उभ्या राहिल्या.

"मी दोन मिनिटं बोलते," त्या म्हणाल्या. "ते तापत नाही."

पुढच्या बाकांवरच्या माना मागे वळल्या.

"रोज मी यांना डबा नेऊन देते. भांडं जर तापत असतं तर डबा त्याच्यावर नसता का ठेवला? गार खातात हो ते. इतकी वर्षं गारच खातायत. त्याला काय घाबरायचं?"

आधी टर्बाइनवरचा म्हातारा हसला. मग बॉयलरवाले हसले, मग हसू भिंतींना लागून परत आलं. कुणीतरी ओरडलं, "सर, कोळसा पाठवून देऊ का घमेलंभर?" सेक्रेटरीही हसू दाबत होते. त्यांनी ठराव मागे घेतला. म्हणाले, युनियनला याहून महत्त्वाची कामं आहेत. वर गेलेले हात खाली आले. काकूंनी दाराकडे बघितलं तेव्हा तिथली खुर्ची रिकामी होती.

घरी सर जेवणाच्या टेबलाशी बसले होते. ताट वाढलं तरी त्यांनी हात लावला नाही.

"डब्याचं काढायला नको होतं," ते म्हणाले.

"मग काय सांगायचं होतं?"

"तापतं म्हणायचं."

"खोली गेली असती."

"गेली असती ना. पण त्यांनी हिसकावून घेतलेली असती." सरांनी पेला उचलला, पुन्हा खाली ठेवला. "आता ती दिलेली झाली. कीव करून."

"खुर्चीत बसून कुजला असतात."

"तो माझा प्रश्न होता."

"तुमचा कसा? गोळ्या माझ्या कपाटात होत्या."

सर ताटावरून उठले.

सकाळी पाळीचा भोंगा झाला तरी ते अंथरुणातच होते, भिंतीकडे तोंड करून. काकू कामावर गेल्या. धाकटीने विचारलं, "सर कसे आहेत?" काकू म्हणाल्या, "बटाटे जाड सोलतेयस." दुपारी पंगत उरकल्यावर डबा भरावा की भरू नये यात त्यांचा थोडा वेळ गेला. मग त्यांनी भरला आणि रस्ता ओलांडला. जर खोलीला कुलूप असेल तर आपण दोन्हीकडून बुडालो, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता.

दार अर्धवट उघडं होतं. सर टेबलाशी पाठमोरे उभे होते. तार बाहेर काढून ठेवली होती आणि ते भांडं आतून पुसत होते.

"बंद केलंत?" काकूंनी विचारलं.

"नवीन तार घालतोय." त्यांनी वळून पाहिलं नाही. काकूंनी आत पाऊल टाकलं तेव्हा म्हणाले, "डबा बाहेर ठेव. बाकावर. उद्यापासून तिथेच ठेवत जा."

"आत आले तर काय होतंय?"

"काही होत नाही. पण नको."

काकू थोडा वेळ उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. मग त्यांनी डबा व्हरांड्यातल्या बाकावर ठेवला आणि उन्हात येऊ नये म्हणून भिंतीकडे सरकवला. आतून दार लोटल्याचा आवाज आला. तीनच्या चहाची वेळ होत आली होती. त्या सायकल स्टँडमधून बाहेर पडल्या आणि कँटीनकडे चालू लागल्या.