लेकुरवाळीचं रक्त

माझी आत्या शाळेत चौथीच्या पुढे गेली नाही, आणि तिचं रक्त मात्र विमानाने परदेशी गेलं. हे वाक्य तिचंच. आल्यागेल्याला ती ते इतक्यांदा ऐकवायची की तिने तोंड उघडायच्या आतच आतोबांची मान डोलायला लागायची. ‘आणि मी मेली अजून बसनेच फिरते,’ हे त्याच्या पुढचं वाक्य.

मी तेव्हा एका मोठ्या इस्पितळात, अवयवरोपणाच्या प्रयोगशाळेत नुकतीच तंत्रज्ञ म्हणून लागले होते. प्रयोगशाळा म्हणायचं ते आपलं मोठेपणाने. इस्पितळाच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, त्यातली एक पूर्वी चादरी धुण्याची. तिच्या भिंतीला बारा महिने ओल. कोपऱ्यात एक फ्रीझर दिवसभर घुरघुरायचा आणि मध्येच रुसून बंद पडायचा, मग आम्ही सगळे बर्फ आणायला धावायचो. मागच्या व्हरांड्यात सशांचे पिंजरे होते, कारण सशाच्या रक्ताशिवाय आमची तपासणी पुढे सरकत नसे. आता तिथे काचेच्या भिंती आहेत आणि एक यंत्र आहे. त्यात रक्त घालायचं, बटण दाबायचं, की आकडे बाहेर. यंत्र चांगलं आहे, आमच्यापेक्षा कमी चुकतं, हे मी कबूल करते. पण मला विचाराल तर जीव त्या ओलीच्या खोलीतच अडकलाय.

काम सांगायला सोपं होतं. एकाची किडनी दुसऱ्याला बसवायची, तर घेणाऱ्याचं रक्त देणाऱ्याच्या पेशींवर तुटून पडतं का, ते आधी बघायचं. बारीक बारीक खळग्यांचा एक ट्रे असायचा. प्रत्येक खळग्यात देणाऱ्याच्या पेशींचा एक थेंब, त्यावर घेणाऱ्याच्या रक्तातलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, मग सशाचं सीरम आणि शेवटी रंग. आणि मग सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसायचं. जिवंत राहिलेल्या पेशी लखलखतात, मेलेल्या फुगून काळपट होतात. मेलेल्या दिसल्या, की ती किडनी द्यायची नाही.

पण त्याच्याही आधी प्रत्येकाच्या पेशींवर कुठकुठल्या खुणा आहेत ते ओळखावं लागे. त्यासाठी अशी सीरम लागत, जी एखाद्या ठरावीक खुणेवरच बरोबर हल्ला करतील. ती बाजारात मिळत नव्हती. ती मिळायची खूप मुलं झालेल्या बायकांच्या रक्तात. त्यामुळे आमचे डॉक्टर, चांगले उंचेपुरे, विद्वान गृहस्थ, बिस्किटांचे पुडे घेऊन बाळंतिणींच्या वॉर्डात घिरट्या घालायचे. तिथल्या नर्सेसनी त्यांची एकदा तक्रारही केली होती. शेवटी एका दुपारी चहा पिता पिता ते मला म्हणाले, ‘तुझ्या घरात कोणी लेकुरवाळी आहे का गं?’

‘आत्या आहे. सहा मुलं.’

‘मग इथे काय बसलीयेस? घेऊन ये तिला.’

सहा तिची, सातवी मी. माझी आई मला कळायच्या आत गेली आणि आत्याने मला तिच्या दोन खोल्यांत ओढून घेतलं. आतोबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. घरभर टर्पेंटाइनचा वास, कॉटखाली रंगाचे डबे, आणि भिंतीला टेकून वाळत ठेवलेल्या पाट्या. आम्ही सातही जण अक्षरं शिकलो ती त्या पाट्यांवर, त्यामुळे ‘आई’च्या आधी आम्हाला ‘उधारी बंद’ वाचता यायला लागलं. रात्री आम्ही ओळीने झोपायचो आणि आत्या शेवटची फेरी मारून डोकी मोजायची. एखादं डोकं चादरीखाली असेल तर ते चाचपून मोजायची. आतोबा फारसं बोलायचे नाहीत. आत्या दोघांच्या वाटणीचं बोलायची आणि कोणाचंच काही अडायचं नाही.

पहिल्या दिवशी ती प्रयोगशाळेत आली ती धाकटीला कडेवर घेऊनच. खुर्ची डगमगते म्हणून तिने आधी डॉक्टरांना सुनावलं, मग बसली. डॉक्टरांनी समजावून सांगायला सुरुवात केली. मूल म्हणजे अर्धं आईचं, अर्धं बापाचं. पोटात असताना त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. त्यातला आईचा अर्धा भाग शरीराला ओळखीचा, पण बापाच्या भागावरच्या खुणा परक्या. मग आईचं शरीर त्या खुणांविरुद्ध हत्यारं तयार करून ठेवतं. मुलाला काही होत नाही, पण हत्यारं रक्तात राहतात.

आत्याने सगळं नीट ऐकून घेतलं. ‘म्हणजे ह्यांच्याशी माझं रक्तसुद्धा भांडतंय?’

‘असं म्हणायला हरकत नाही, बाई.’

‘बघा म्हणजे,’ ती दाराशी उभ्या असलेल्या आतोबांना म्हणाली, ‘उगाच मला एकटीला नावं ठेवता.’

आतोबा हसले आणि त्यांनी धाकटीला तिच्या कडेवरून घेतलं.

आत्याचं सीरम तपासलं तेव्हा डॉक्टर खुर्चीतून उठूनच उभे राहिले. एरवी अशा बायकांचं सीरम म्हणजे नुसता गोंधळ, चार खुणांवर तुटून पडतं आणि पाचवीवर गुरगुरतं. आत्याचं तसं नव्हतं. आतोबांना त्यांच्या आईकडून नाहीतर वडिलांकडून, एकाच बाजूने आलेली एक खूण, फक्त तिच्याशी त्याचं वैर. बाकी कशाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. असं सीरम मिळायला प्रयोगशाळा वर्षानुवर्षं वाट बघत. बाहेरच्या प्रयोगशाळा ते मागायला लागल्या, आम्ही बर्फात गुंडाळून पाठवायचो आणि बदल्यात त्यांची सीरम घ्यायचो. बाटलीवर आकडे होते, पण आमच्याकडे सगळे त्याला ‘आत्याचं पाणी’ म्हणत. ‘आत्याचं पाणी जपून वापर गं, नळाचं नाही ते,’ असं डॉक्टर ओरडायचे. एका तपासणीला टिपूसभरच लागायचं, म्हणून पुढे तिचं रक्त घेणं थांबवलं तरी साठा पुरत राहिला.

ते दिवस मला फार आवडायचे, हे आता सांगायला काही लाज नाही. ती रक्त द्यायला यायची ती घरच्या सगळ्या बातम्या घेऊन. सुई टोचलेला हात कापसावर दुमडून दुसऱ्या हाताने हातवारे करत बोलत राहायची. सशांना पाला घालायची आणि त्यांचंही रक्त काढतात म्हणून आम्हाला दोन शब्द सुनवायची. ती येऊन गेली की खोली एकदम मोठी वाटायला लागायची.

मुलं मोठी झाली, पांगली. आत्याचा रक्तदाब वाढला, तो तिने कोणालाही न सांगता वाढू दिला, आणि एका वर्षी तिचे पाय सुजले ते उतरेनात. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डायलिसिस सुरू झालं. ज्या इस्पितळात ती ऐटीत रक्त द्यायला यायची, तिथेच आता दर दोन दिवसांनी नळ्या लावून पडून राहायला लागली. मुलांनी किडनीचा विषय काढला तेव्हा तिने एका वाक्यात निकाल लावला. ‘पोरांना हात लावायचा नाही. अख्खी जन्माला घातलीत, अख्खीच राहू देत.’

‘मी देतो,’ आतोबा म्हणाले.

आत्याने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ‘ह्यांची घेईन,’ ती म्हणाली. ‘ह्यांचं सगळंच घेत आले, त्यात हे एक.’

आतोबांनी दुसऱ्या दिवशी केस कापून घेतले. तपासणीला केस कशाला कापायचे ते मी विचारलं नाही. साठी उलटलेल्या त्या माणसाला मी इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. रक्तगट जुळत होता, तब्येत ठणठणीत होती. मला आणि डॉक्टरांना मनातून धाकधूक होतीच, कारण नवऱ्याने बायकोला किडनी देण्यात काय अडचण येते ते आम्हाला नाही कळणार तर कोणाला? पण मी ट्रे लावला, आत्याचं सकाळीच काढलेलं सीरम, आतोबांच्या पेशी, आणि बघते तर सगळ्या खळग्यांत पेशी लखलखत होत्या. एकही मेली नव्हती. वर्षांच्या ओघात आत्याच्या रक्तातली हत्यारं विरून गेली होती. डॉक्टरांचे केस आता पांढरे झाले होते, पण त्यांना थांबायचा दम निघाला नाही. ते तसेच बाहेर बाकावर बसलेल्या आतोबांकडे गेले आणि म्हणाले, ‘जमलं.’

मी मागे राहून दुसरा ट्रे वाचत होते. हा नेहमीचा, आतोबांच्या पेशींवरच्या खुणा ओळखण्याचा. ओळी संपवत संपवत एका खळग्याशी आले आणि थांबले. पेशी काळ्याठिक्कर पडल्या होत्या. तो खळगा आत्याच्या पाण्याचा होता.

तीच बाई, तोच माणूस. एका ट्रेमध्ये आजचं सीरम म्हणत होतं, माझं काही भांडण नाही. दुसऱ्यात वीस वर्षांपूर्वीचं सीरम त्याला मारत होतं. पेशंटचं जुनं सीरम असेल तर तेही तपासायचं, हा आमचा नियमच होता. पण आत्या आमच्या लेखी पेशंट नव्हतीच, ती औषधांच्या कप्प्यातली बाटली होती, आणि म्हणून मी आणि डॉक्टर, दोघांपैकी एकाच्याही ते डोक्यात आलं नव्हतं.

डॉक्टर परत आले, त्यांनी बघितलं आणि चष्मा काढून हातात धरला. ‘रक्तातून गेलंय,’ ते म्हणाले. ‘तिच्यातून गेलेलं नाही.’ किडनी आत गेली की शरीराला ती खूण आठवली असती, हत्यारं पुन्हा निघाली असती आणि चार दिवसांत किडनीची माती झाली असती. ते पुन्हा बाहेर गेले. ‘जमलं’ म्हणून आलेल्या माणसाने त्याच बाकावर बसून ‘जमत नाही’ असं सांगितलं. मी दारात उभी होते.

आतोबांनी शांतपणे ऐकलं. ‘आज नाही ना भांडत तिचं रक्त?’ ते म्हणाले. ‘मग जुनं कशाला उकरून काढायचं?’ डॉक्टर चष्मा पुसत आत निघून गेले. ते गेल्यावर मी आतोबांच्या शेजारी बसले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘एवढा संसार करून मी परकाच म्हणायचा का गं?’

‘तिने तुमची मुलं वाढवली म्हणून तिचं रक्त तुम्हाला ओळखतं, आतोबा,’ मी म्हटलं. ‘ते विसरत नाही, एवढंच.’ त्याने त्यांचं समाधान झालं असं मला वाटलं नाही. मला रडू येत होतं.

आत्याने बातमी ऐकली आणि ‘बरं झालं, विषय संपला,’ म्हणून कूस बदलली. पण मुलांनी विषय संपवला नाही. तिला न सांगता ती एकेक करून माझ्याकडे येऊन रक्त देऊन गेली. मी नवं आणि जुनं, दोन्ही सीरम लावली. ज्या मुलांना बापाकडून ती वैराची खूण आली होती, त्यांच्या पेशी जुन्या सीरममध्ये मेल्या. दोघांना आतोबांचा दुसरा, ती खूण नसलेला अर्धा भाग आला होता. त्यातल्या मुलाला मधुमेह होता, तो बाद झाला. राहिली मधली. जिच्या वेण्या मी घालायचे, ती. दोन्ही सीरममध्ये तिच्या पेशी नुसत्या लखलखत होत्या.

‘नाही म्हणजे नाही,’ आत्या म्हणाली. मधली समोर उभी होती, तिच्यावर ती डोळे वटारत होती. ‘तुझी पोरं लहान आहेत. उद्या तुला काही झालं तर? मला जायचंच आहे कधीतरी.’ मधलीने समजावलं, थोरल्याने समजावलं, मीही शहाणपणा करून चार आकडे सांगितले. आत्याने भिंतीकडे तोंड केलं. डायलिसिस करून आलेल्या दिवशी ती अगदी चिपाडासारखी दिसायची, आणि असे फार दिवस निघणार नाहीत हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

आतोबा तिच्या पायाशी बसले होते. ‘मी दिली असती तर घेतली असतीस ना?’ त्यांनी विचारलं.

‘घेतली असती. सांगितलं की.’

‘मग आता माझं ऐक.’ त्यांनी माझ्याकडे बोट केलं. ‘ही म्हणते, मधलीत अर्धा मी आहे. आणि तो अर्धा असा आहे, की त्याच्याशी तुझं रक्त कधीच भांडलं नाही. तेव्हाही नाही, आजही नाही. माझ्यात असं काही आहे, हे मला तरी कुठे माहीत होतं? तुला द्यायला माझ्यापाशी तेवढंच आहे. ते तिच्याकडे आहे. आता तू नाही म्हणालीस तर मी काय करू?’

इतकं बोललेले आतोबा मी त्याआधी ऐकले नव्हते आणि त्यानंतरही नाही. आत्या हळूहळू वळली आणि तिने माझ्याकडे बघितलं.

‘खरं सांगतायत का हे?’

‘खरं आहे, आत्या.’

‘आणि तिच्यातला दुसरा अर्धा?’

‘तो तुझाच की.’

आत्या मधलीकडे बघत राहिली. मग तिने हात पुढे केला आणि मधलीचं मनगट घट्ट धरलं.

‘तुला दुखेल गं,’ ती म्हणाली.