बस वळवायची जागा

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

दरड कोसळली तेव्हा वाडीतली प्रेतं माझ्याच जीपमधून पोलादपूरला गेली. सीटा धुतल्या, वास गेला नाही. वाचलेल्यांना पार वरच्या माळावर पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. तिथवर गाडी कोण नेत होतं? मी. घासाघीस करून घेतलेली स्वतःची जीप. भरल्याशिवाय हलायचं नाही, हा माझा कायदा. आणि हेच लोक एसटी मागायला लागले! डोकं फिरलं माझं.

एसटीची आधी चाचणीची गाडी येते. वळायला जागा असेल तरच फेरी सुरू होते. माळावरच्यांनी पहारी घेऊन ती जागा सपाट केली. सगळ्यांत पुढे महादू. त्याच्या बायकोला डायलिसिससाठी महाडला न्यावं लागायचं — आणि माझी जीप भरेपर्यंत ती बाई बांधावर आडवी पडलेली असायची.

चाचणीच्या सकाळी मी त्या जागेत दगड लोटत होतो. महादूने पाहिलं. धावत आला, पाय धरले.

"भाऊ, नका करू. गाडी नाय आली तर बायको जाईल माझी."

पाय धरलेल्या माणसाला — कसं सांगू? हातात चाकाचे नट खोलायची टॉमी होती. पहिला फटका पाठीत. तोंड वाचवायला त्याने हात वर केला, तर हातावर. हाड मोडल्याचं ऐकू आलं. थांबलो का? नाही. त्याच जागी आणखी दोनदा मारलं. "माग आता एसटी! माग!"

बस आली, दगड बघून तशीच मागे गेली. पुन्हा आलीच नाही. पुन्हा मागायला पुढे होणारा तोच एक होता ना?

दवाखान्यात त्याला मीच नेलं — दुसरी गाडी होती कुठे? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा महादू माझ्याकडे बघत म्हणाला, "दगड सरकवताना पडला हातावर, साहेब."

मला वाटलं, घाबरला. परतीच्या वाटेवर, मोडका हात छातीशी धरून, हळूच म्हणाला, "भाऊ, मंगळवारी हिला न्याल ना?"

मंगळवारी ती बांधावर आडवी होती. चार माणसं कमी होती.

भरेपर्यंत मी जीप हलवली नाही.