धंदा बुडवणारे आप्पा

जळालेली मोटार नुसती नाकाजवळ नेली, की ती कुणाच्या मूर्खपणानं जळाली ते आप्पांना कळायचं. नायगावच्या बसस्टँडमागं त्यांचं मोटार भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली, की आतली करपलेली तार उपसून तांब्याची नवी तार भरायची, हा धंदा. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगाला व्हार्निशचा वास आणि तोंडात आमचा उद्धार. सगळे त्यांना मोटारआप्पाच म्हणायचे. एकदा मी "वीज पडली हो आप्पा" अशी थाप ठोकली. त्यांनी वास घेतला, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "ही विजेनं न्हाई, आळसानं जळाली."

आळस म्हणजे ऑटो. लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारी ही डबी आमच्या शिवारात अकराही विहिरींवर बसवलेली होती. त्यामुळं व्हायचं काय, लाईट आली रे आली की अकरा मोटारी एकदमच उठायच्या, व्होल्टेज बसायचं आणि एखादी तरी मान टाकायचीच. ऊन दरसाली चढत चाललेलं, पाणी खाली खाली जाणारं, मोटारी दिवसेंदिवस जास्त राबणाऱ्या. आप्पांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. दुसरा कुणी असता तर त्यानं ऑटोचा शोध लावणाऱ्याचा फोटो भिंतीवर लावून रोज उदबत्ती ओवाळली असती. आप्पा मात्र अडून बसायचे, आधी ऑटो काढून आणा, मगच मोटार न्या. आम्ही मुकाट्यानं आणून द्यायचो आणि जाताना नवा घेऊन जायचो. मी तर त्यांच्या समोरच्याच दुकानातून घेतला.

मग एका मे महिन्यात अख्खा डीपीच जळाला. नवा ट्रान्सफॉर्मर येईस्तोवर आमचा ऊस करपायला लागला, जनावरांना पाणी शेंदून पाजताना हातांची सालटी निघाली. नवा बसला त्याच दिवशी आप्पा न बोलावता शिवारात आले. लिंबाखाली अकराही जणांना बसवलं, सगळे ऑटो काढायला लावले आणि पाळी लावून दिली. लाईट आली की पहिल्यानं हातानं बटण दाबायचं, पाच मिनिटांनी दुसऱ्यानं, असं शेवटपर्यंत. आता, एक वीत बांधावरून डोकी फोडणारी आम्ही माणसं, पाळी कुठली पाळतो? म्हणून आप्पा दुकानाला कुलूप घालून आठ दिवस त्या डीपीपासून जरा लांब छत्री धरून बसले. हातात शिट्टी. एक शिट्टी, एक मोटार. आम्ही त्यांना रेफरी म्हणून खूप चिडवलं, पण त्या उन्हाळ्यात आमची एकही मोटार जळली नाही. आजूबाजूच्या गावांनी बोलावलं, तर तिथंही हे महाशय शिट्टी घेऊन हजर.

व्हायचं तेच झालं. दुकान ओस पडलं. आप्पा दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले दिसायचे, आणि आम्हाला लाज वाटायची, हे कबूल करतो. त्यांना काहीतरी काम द्यावं म्हणून मी माझी धडधाकट मोटार गाडीवर घालून नेली. गरम होतेय, म्हणालो. त्यांनी एक बोल्टसुद्धा सैल केला नाही. चहा मागवला.

"कशाला थापा मारून राहिलास? चांगल्या मोटारीला हात लावणार न्हाई मी."

"अहो, पण दुकान कसं चालायचं?"

"न्हाई चाललं तर न्हाई चाललं. तुमची जळकी मोटार बघून मला एकदा बी बरं वाटलं न्हाई, बाबा."

चहाचे पैसेही त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

पुढं शिवारात सौर पंप आले आणि उरलंसुरलं कामही गेलं. वाटलं, आता आप्पा शिव्या देणार. कसलं काय! नवा जावई बघायला यावं तसे बघायला आले. सौर पॅनेलच्या पाट्यांभोवती दोनदा फिरले, ना डीपी, ना जळणं, म्हणून खूश झाले. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या उसात गेली. पाणी सऱ्या भरून बांधावरून वाहत होतं. फुकटात चालतंय म्हणून मी पंप दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत चालूच ठेवायचो. आप्पांचा चेहरा उतरला. "ऊन फुकट हाय. पाणी न्हाई," म्हणाले. त्यानंतर लग्नात, मयतीत, बँकेच्या रांगेत, जिथं गाठ पडेल तिथं त्यांनी मला हेच ऐकवलं. मी दर वेळी व्हय व्हय म्हणायचो आणि पंप चालूच ठेवायचो.

यंदा त्यांनी दुकान मोडलं आणि उदगीरला लेकीकडं कायमचं जायला निघाले. आम्ही अकराही जण हार, शाल, नारळ घेऊन बसस्टँडवर गेलो. मी तर दोन शब्द बोलायची तयारी करून आलो होतो. दुकान आमच्यापायी गेलं, एवढं तरी तोंडानं म्हणायचं होतं. आप्पांनी हार घालूच दिला नाही. बोटानं एकेकाला मोजलं.

"अकराच्या अकरा इथं. मग तिकडं मोटारी कोण बंद करणार?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. भर दुपार, ऊन रणरणत होतं आणि अकराही पंप चालू होते.

"उभे काय राहिलाव? पळा की."

आम्ही पळालो. मोटार बंद केली तेव्हा लक्षात आलं, शाल माझ्याच काखेत राहिली होती. आप्पांची गाडी केव्हाच सुटली असणार. मग बांधावर बसून मी पोटभर रडलो.