साडेनऊच्या बाईंचे पाच स्टार

मी जव्हारला एकतीस वर्षं आठवीला विज्ञान शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत कुणालाही पैकीच्या पैकी मार्क दिले नाहीत. उत्तर अगदी पुस्तकातलं उचलून ठेवलेलं असलं तरी अर्धा मार्क कापायचा, म्हणजे पोरगं हुरळून जात नाही, असं माझं मत. पोरांनी माझं नाव ‘साडेनऊच्या बाई’ ठेवलं होतं आणि ते मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. सहकारी चिडवायचे, बाई स्वतःच्या लग्नातल्या जेवणालासुद्धा साडेनऊच देतील. मी म्हणायचे, मठ्ठा आंबट होता, नऊच. हे आधी सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते या अर्ध्या मार्कावाचून कळायचं नाही.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही गॅसचा गिझर घ्यायचं ठरवलं. विजेवरचा होता, पण सकाळी ऐन आंघोळीच्या वेळी लाईट जायची, नाहीतर व्होल्टेज इतकं खाली यायचं की पाणी कोमट होईपर्यंत ह्यांचा पेपर वाचून संपायचा. ह्यांचे गुडघे धरलेले, त्यात जव्हारची थंडी. पूर्वी असं काही काम निघालं की बाजारात हार्डवेअरच्या दुकानात जाऊन विचारायचं, कुणी बरा माणूस आहे का? दुकानदार मान वर न करता एक नाव सांगायचा आणि तो माणूस दोन आठवडे उगवायचा नाही. ठाण्याच्या मुलीने मला या जाचातून सोडवलं. तिने फोनवर एक साइट उघडून दिली. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, गिझर बसवणारे, सगळे तिथे रांगेने उभे, प्रत्येकाच्या नावापुढे स्टार, आणि खाली ज्यांच्या घरी काम झालं त्या लोकांनी लिहिलेले रिव्ह्यू.

मला तर ते फारच आवडलं. कुणाचा तरी पेपर कुणीतरी तपासून ठेवलाय आणि मी फक्त तपासणाऱ्यांचा तपास करायचा. आमच्या भागात काम करणारा गिझरवाला एकच होता, विक्रमगडकडचा. मी चष्मा लावून त्याचे सगळे रिव्ह्यू ओळीने वाचले. सगळ्यांनी चार-पाच स्टार दिलेले. एकानेच दोन दिले होते. त्याने लिहिलं होतं, ‘पाणी गरम येते. आंघोळ झाल्यावर डोके दुखते. काल आईला चक्कर आली.’ नाव नव्हतं, खाली फक्त मोखाडा.

मी मोठ्याने हसले. ह्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, “बघा, डोकं दुखतं म्हणून गिझरवाल्याचे मार्क कापलेत. उद्या पित्त झालं तरी त्याच्याच नावावर खपवतील.” पेपरात असलं उत्तर आलं की मी समासात लाल शाईने लिहायचे, विषय सोडून. साइटने त्या रिव्ह्यूखाली विचारलं होतं, हा रिव्ह्यू उपयोगी वाटला का? मी ‘नाही’ वर बोट ठेवलं.

गिझरवाला ठरल्या वेळी आला. तिशीतला, हसरा, बोलण्यात ठाणे-वसईच्या कामाचं हिंदी मिसळलेलं. चपला बाहेर काढल्या. भिंतीला भोक पाडण्याआधी खाली पेपर अंथरला. आमच्या न्हाणीघराच्या खिडकीच्या वरच्या दोन काचा तीन पावसाळ्यांपूर्वी फुटल्या त्या तशाच होत्या. काचवाल्याला निरोप गेला होता, तो यायचा होता. गिझरवाल्याने तिकडे बघितलं आणि म्हणाला, “मॅडम, ती खिडकी पॅक करून घ्या. पाणी कितना भी गरम असू दे, वारा लागला की थंडी वाजतेच.” मला त्याचं कौतुक वाटलं. आपल्या कामाबाहेरच्या गोष्टीकडेही लक्ष आहे त्याचं, असं मी ह्यांना म्हणालेसुद्धा.

काम झाल्यावर त्याने फरशी पुसून दिली. चहा घेतला, दुसरा कप नको म्हणाला, आणि ओट्यावर बसून राहिला. मग हात जोडून म्हणाला, “मॅडम, तेवढे स्टार टाका ना. आमचं सगळं त्याच्यावरच आहे.” समोर बसलेल्या माणसाला काय कमी देणार? आमच्या गावात कारागीर काम संपवून निघाला की त्याच्या तोंडावर छान झालं म्हणायची रीत आहे. खोट काढायची ती तो वळणावरून दिसेनासा झाल्यावर. तरी मी साडेचार शोधले. अर्धा स्टार त्या साइटवर नव्हताच. चार दिले तर त्याचं तोंड पडलं असतं, म्हणून पाच दिले आणि खाली लिहिलं, ‘वेळेवर आले. अतिशय स्वच्छ काम. वागणूक नम्र. फरशी पुसून दिली. मनापासून शिफारस करते.’ खाली माझं पूर्ण नाव. आयुष्यात पहिल्यांदा पैकीच्या पैकी दिले, असं म्हणून मी स्वतःवरच हसले.

साधारण महिन्याने, एका सकाळी, मी पडवीत वाल सोलत बसले होते. फोन आला. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा. मुलगी इकडच्याच वांगणीची. घरी जमीन नाही. आईबाप दिवाळी झाली की मजुरीला वसईकडे जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. ही जव्हारला वसतिगृहात राहून शिकली, माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसली, आता मोखाड्याला सरकारी कचेरीत लिपिक आहे. मागच्याच वर्षी तिने दोन खोल्यांचं पक्कं घर बांधलं होतं आणि एकट्या राहिलेल्या आईला वांगणीहून आणलं होतं. वास्तूला मी गेले होते. टाइल्सचं बाथरूम तिने मला दोनदा दाखवलं होतं.

फोनवर तिचा आवाज ओळखूच येईना. “बाई, तुमच्याकडे गॅसचा गिझर आहे ना? तोच माणूस? आंघोळ करू नका, बाई. बंद करा तो आधी. आई बाथरूममध्ये पडली. दवाखान्यात आणलंय. अजून डोळे उघडत नाहीत.”

हे तेव्हा न्हाणीघरातच होते.

मी कशी उठले ते आठवत नाही. मांडीवरचं वालांचं सूप उलटं झालं. मी दोन्ही हातांनी दार बडवत होते. ह्यांनी साबणाच्या तोंडाने दार उघडलं आणि खेकसले, “काय आग लागलीय का?” मी त्यांना पंच्यासकट बाहेर ओढलं. ते धडधाकट होते. त्यांच्या मागे, वरच्या दोन फुटक्या काचांमधून थंड वारा आत येत होता. परवाच मी काचवाल्याला तिसऱ्यांदा निरोप धाडला होता आणि तो आला नाही म्हणून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. मी तिथेच ओल्या फरशीवर बसले.

मोखाड्याची जीप मिळाली. वाटभर शेजारची बाई मला खिडकीशी बसवत होती, तिला वाटलं गाडी लागली. दवाखान्यात विद्यार्थिनीच्या आईच्या नाकातोंडावर ऑक्सिजन लावलेला होता. डॉक्टर मला समजावू लागले. बंद खोलीत गॅस जळत राहिला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो, मग गॅस नीट जळत नाही, आणि त्यातून एक विषारी वायू तयार होतो, ज्याला…

ज्याला रंग नसतो आणि वास नसतो. कार्बन मोनॉक्साइड. अपूर्ण ज्वलन. त्यांचं वाक्य मी पुरं करू शकले असते. एकतीस वर्षं मी हा धडा शिकवला. मेणबत्तीवर काचेचा ग्लास पालथा घालून दाखवायचे, ज्योत बारीक होत विझायची आणि सगळा वर्ग आऽऽ करायचा. सुरुवातीला काय लक्षणं दिसतात, यावर दोन मार्कांचा प्रश्न काढायचे. डोके दुखणे, चक्कर येणे. दोन मुद्दे, दोन मार्क. त्या नाव नसलेल्या माणसाने दोन्ही मुद्दे बरोबर लिहिले होते आणि मी त्याला विषय सोडून म्हटलं होतं. दवाखान्याच्या त्या बाकावर मला माझीच किळस आली.

माझ्या स्वतःच्या न्हाणीघरात मी विज्ञानाची बाई नव्हतेच. मी चपला कुठे काढल्या ते बघत होते.

दुपारी तिच्या आईने डोळे उघडले. वाचली ती एका सवयीमुळे. वांगणीला न्हाणी म्हणजे कुडाला लावलेलं प्लास्टिक. तिला कडी कुठून असणार? नव्या बाथरूमचं दार ती नुसतं ओढून घ्यायची आणि लेक रोज ओरडायची, आई, कडी लाव, शहरासारखं राहायला शीक. त्या दिवशीही तिने कडी लावली नव्हती. पडताना तिचा हात दारावर आदळला, दार उघडलं आणि ती अर्धी बाहेर पडली. शुद्धीवर आल्यावर ती मला बघून हसायचा प्रयत्न करत म्हणाली, “पानी चांगला ऊन व्हता बाय. पन वारा न्हवता.” पोरीने खिडकी पॅक करून घेतली होती. गिझरवाल्याने सांगितलं म्हणून.

संध्याकाळी मी त्याला फोन लावला. तोंडाला येईल ते बोलले, मास्तरीण कुठल्या कुठे गेली. तो म्हणाला, “मॅडम, पण तुमच्याकडे तर मस्त चालू आहे ना?” मी सगळं सांगितलं तसा त्याचा आवाज उतरला. “मला कुणी बोललंच नाय असं काही. मी तर सगळीकडे बाथरूमच्या आतच बसवलेत. सगळ्यांना बोललो, खिडकी पॅक करा.” सगळीकडे म्हणजे कुठे कुठे, मी विचारलं. जव्हार, मोखाडा, खोडाळा, साखरशेतला एक. तो आठवून आठवून घरं सांगत गेला आणि मला एकेका घरातलं बंद बाथरूम दिसत गेलं. मी त्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता एकेकाला फोन कर, गिझर वापरू नका, मी येऊन काढतो म्हण, सगळे फोन झाल्याशिवाय जेवायला बसू नकोस. त्याने केले. खोडाळ्याचा एकजण त्याच्यावर उखडला, म्हणाला, पाच स्टार दिलेत तुला, आता काढायला कशाला येतोस?

मी साइट उघडली आणि सगळे रिव्ह्यू पुन्हा वाचले, या वेळी खरोखर पेपर तपासल्यासारखे. वेळेवर आला. बोलायला चांगला. कचरा उचलून नेला. एकातही खोटं नव्हतं. पैसे देऊन लिहून घेतलेलं असतं तर मला शिव्या तरी घालता आल्या असत्या. सगळे माझ्यासारखेच, आपापल्या परीने खरं लिहिणारे, आणि जे विचारायला हवं होतं त्याचं उत्तर एकाच्याही पेपरात नव्हतं. मी माझे पाच स्टार काढून एक केला, काय घडलं ते सविस्तर लिहिलं. साइटने कळवलं, तुमचा बदल तपासला जात आहे. अजून तपासताहेत. माझे पाच स्टार जिथे होते तिथेच आहेत, माझ्या पूर्ण नावासकट.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा मोखाड्याला गेले. आई अंगणात उन्हात बसली होती, बाजूला तीन दगडांवर पाण्याचं पातेलं. तिला आता मधूनच शब्द आठवत नाही, हातातली वस्तू कशाला घेतली ते विसरते. भरून येईल, असं डॉक्टर म्हणतात. बाथरूमची खिडकी पोरीने चौकटीसकट काढून टाकली होती, तिथे नुसती जाळी होती. ती चहा घेऊन आली, माझ्याजवळ बसली, मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्यामुळेच मला राहवेना.

“तो दोन स्टारचा रिव्ह्यू होता,” मी म्हटलं, “डोकं दुखतं म्हणून लिहिलेला. तो तुझ्या नजरेतून सुटला का गं?”

“सुटला कुठे, बाई? वाचला की,” ती म्हणाली. “आईला चक्कर आली असं होतं त्यात. मी घाबरलेच. म्हटलं, आपल्याला नको बाबा. आठ दिवस नादच सोडला होता.” तिने आईच्या खांद्यावरून घसरलेला पदर नीट केला. “मग एक दिवस परत बघितलं तर वर तुमचं नाव. पाचपैकी पाच. मी आईला म्हटलं, आमच्या बाई कुणाला पैकीच्या पैकी देत नाहीत. त्यांनी दिलेत, म्हणजे त्यांनी खिडकीसुद्धा बघितली असणार.”