आठ शब्द आणि बारावं मूल

मी इंग्लंडला गेले आणि फ्रेंच शिकून आले. चार महिने मी त्याला इंग्रजीच समजत होते. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

माझं शिक्षण चौथी, तेही रत्नागिरीजवळच्या खेड्यात. आमच्या शाळेत इंग्रजीचा वारासुद्धा नव्हता. मुलगी आणि जावई लंडनमध्ये ईलिंगला राहत. मुलीने मला बोलावलं ते गरज पडली म्हणून. तिला बँकेत नोकरी लागली होती, दुसऱ्यांनी भरलेले कागद खरे आहेत की खोटे ते बघायची. जावई सकाळी सातला बाहेर पडत. नात अडीच वर्षांची. माझा व्हिसा सहा महिन्यांचा. तेवढ्यात नातीची दिवसभराची सोय लागली तर नोकरी राहणार, नाही लागली तर सुटणार. खाजगी पाळणाघर त्यांना झेपणारं नव्हतं.

घरामागच्या चर्चच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन सकाळी लहान मुलांचा वर्ग भरायचा. तो चालवणारी बाई काँगोची. अंगाने धिप्पाड, आवाज असा की हॉलच्या काचा थरथरत. मुलगी एकदा जाऊन भेटून आली.

"आई, सगळ्या देशांतली मुलं आहेत तिथे. कौन्सिल या वर्गाचं फुल-डे सेंटर करणार आहे, फ्री. फक्त बारा मुलं लागतात, आणि त्यांच्याकडे अकराच आहेत. म्हणजे आपलं काम झालंच समज."

बारा म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या घरांतली बारा, हे तिने विचारलं नाही आणि काँगोच्या बाईने सांगितलं नाही. एकीला जागा हवी होती, दुसरीला मूल हवं होतं.

मूल रुळेपर्यंत घरच्या माणसाने सोबत बसायचं असा नियम होता. नात पहिल्याच दिवशी रुळली. मी मात्र बसत राहिले. घरी बसून भिंती किती बघायच्या? पोरं धावायची, पडायची, एकमेकांचे केस ओढायची. बाई ओरडायची, तेच मीही ओरडू लागले. "व्हियाँ इसी" म्हटलं की पोर जवळ येई. "आसी-तुआ" म्हटलं की बसे. "दुसमाँ" म्हणजे हळू, "मँज" म्हणजे खा, "दॉन ला मँ" म्हणजे हात दे. आणि "सा सुफी" म्हणजे पुरे, बास. आल्यावर "बाँजूर", निघताना "मेर्सी". आठ शब्दांत मी पोरांचा कळप सांभाळू लागले. इंग्लंडमध्ये माणसं इंग्रजीच बोलणार, दुसरं काय बोलणार? मला वाटलं, ही भाषा उगाच लोक अवघड म्हणतात.

बसच्या ड्रायव्हरला मी रोज "बाँजूर" म्हणायचे. तो टोपीला हात लावायचा. पोस्टात रांग मोडणाऱ्या एका बाईला मी "आसी-तुआ" म्हटलं. ती बसली नाही, पण मागे गेली. गावी बहिणीला फोनवर सांगितलं, "माझं इंग्रजी बरंच सुधारलंय." ती म्हणाली, "बोलून दाखव." मी दाखवलं. ती म्हणाली, "अगदी मडमेसारखं वाटतंय गो."

चौथ्या महिन्यात कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, माणूस तपासायला आला. उंच, वाळका, अंगात ओला रेनकोट, हातात फाइल. काँगोच्या बाईने त्या दिवशी सगळ्यांना घरून काहीतरी करून आणायला सांगितलं होतं. मी घावनं नेली होती. तिने नवं फडकं डोक्याला बांधलं होतं आणि तिचा घाम थांबत नव्हता. हिच्या हॉलात आयता आलेला माणूस, हिचीच मुलं, आणि ही घाबरतेय कशाला, हे मला कळेना.

त्याने मुलं मोजली. आधी नऊ भरली, मग चौदा. पोरं काही एका जागी राहीनात. आमच्या नातीने त्याची फाइल उचलली आणि ती टेबलावर चढली. मी उठले आणि कडाडले.

"व्हियाँ इसी! आसी-तुआ! सा सुफी!"

अकरा पोरं जमिनीवर बसली. नात टेबलावरून उतरून बारावी बसली. तो माणूसही जवळच्या छोट्या खुर्चीवर बसला, गुडघे छातीशी. मग त्याने बारा मोजली.

तो माझ्याशी बोलायला आला. एकेक शब्द सावकाश, तोंड मोठं उघडून बोलला. आजवर भेटलेल्या गोऱ्यांत पहिल्यांदा याचं इंग्रजी मला थोडं कळलं. मी मनात म्हटलं, हा शिकलेला दिसतो. त्याने नातीकडे आणि माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं, त्यात "मेझाँ" असं आलं. घराला हॉलमध्ये तेच म्हणत. दिवसा घरी हिला कोण बघतं, असंच असणार. मी छातीवर हात ठेवला. कुठल्या तुम्ही, असं विचारल्यासारखं वाटलं, तर सांगितलं, "रत्नागिरी." त्याने फाइलमधली देशांची यादी दोनदा वर-खाली पाहिली आणि हाताने लाटा करून दाखवल्या, समुद्र आहे का? मी म्हटलं, समुद्र आहे. कुठलंसं बेट समजून त्याने यादीच्या तळाशी रत्नागिरी लिहून घेतलं. काँगोची बाई छताकडे बघत होती.

शेवटी त्याला घावन दिलं. तो म्हणाला, "क्रेप!" तिकडच्या पातळ धिरड्याला तसं म्हणतात, हे मला मागाहून कळलं. मी म्हटलं, "घावन." तो म्हणाला, "क्रेप." मी म्हटलं, "घावन, रे मेल्या," आणि दुसरं वाढलं. "मँज." त्याने मान खाली घालून खाल्लं.

दोन आठवड्यांनी पत्र आलं. मुलीने ते उभ्या उभ्या वाचलं आणि मग बसली.

"आई, सेंटर मंजूर झालं. पण इथे लिहिलंय, आपल्या घरात फ्रेंच बोलतात."

"कोण बोलतं?"

"तू."

"मी कशाला फ्रेंच बोलेन? मी इंग्रजी बोलते."

"बोल बघू."

मी आठही शब्द म्हणून दाखवले. जावई चहा पीत होते, तो त्यांच्या नाकातून आला. "आई, तुम्ही ग्रेट आहात," म्हणाले आणि उठून बाथरूममध्ये गेले. आतून हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

मुलगी हसली नाही. "हे फॉल्स डिक्लरेशन आहे गं. मी ऑफिसमध्ये अशीच माणसं पकडते."

"मी एक अक्षर खोटं बोललेले नाही. त्याने विचारलं कुठली, मी सांगितलं रत्नागिरी."

तिला राहवेना. तिने कौन्सिलला फोन लावला आणि सगळं खरं सांगून टाकलं. तो माणूस शांतपणे म्हणाला, मुलाला दिवसा सांभाळणारं माणूस त्याच्याशी फ्रेंच बोलतं का, एवढंच फॉर्म विचारतो. ते कुठे शिकलं, हे विचारायला फॉर्मवर जागा नाही. आणि तुमच्या आईंनी मलासुद्धा खाली बसवलंय. मुलगी खूश होऊन आभार मानू लागली, तेव्हा त्याने पुढचं सांगितलं. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. ते माणूस मुलाला सांभाळत नसेल तर मूल यादीतून कमी, मुलं अकरा, आणि केंद्र बंद.

माझं विमान सहा आठवड्यांवर होतं.

व्हिसा वाढेना. जावयांनी फ्रेंचची कॅसेट आणली आणि पहिल्याच धड्यात झोपले. तेव्हा काँगोच्या बाईने तोड काढली. सांभाळणारं माणूस बोलतं का, असं लिहिलंय. ते खोलीतच हवं, असं कुठे लिहिलंय?

म्हणून मी गावी आल्यावर रोज तिथल्या संध्याकाळी, म्हणजे आमच्या रात्री, मुलगी फोनकार्डावरचा नंबर खरवडून फोन लावायची आणि फोनचा आवाज मोठा करून जेवणाच्या टेबलावर ठेवायची. केंद्रातून घरी आलेली नात तिथे जेवायला बसायची. मी पडवीत उभी राहून ओरडायचे, "आसी-तुआ! मँज! दुसमाँ!" झोप मोडलेली शेजारची म्हातारी कौतुकाने बघायची. तिला वाटायचं, मी लंडनमधल्या सरकारी लोकांना झापतेय.

सहा महिन्यांनी तो माणूस घरी आला, तेव्हाही फोन चालूच होता. मला कपबशीचा आवाज ऐकू आला. मी म्हटलं, "मँज." नात जेवू लागली. मुलगी सांगते की त्यानेही बिस्कीट उचललं. मग नात फोनमध्ये काहीतरी लांबलचक बोलली. मला त्यातलं "मेर्सी" तेवढं कळलं.

केंद्र राहिलं आणि मुलीची नोकरीही राहिली. नातीला मराठी धड येत नाही. आता ती फोनवर माझ्याशी भरभर फ्रेंच बोलते आणि उत्तराची वाट बघत थांबते. माझ्याकडे शब्द आठ, आणि त्यातले बरेचसे ओरडायचे. तेच मी तिला म्हणते, जमेल तितक्या हळू आवाजात.